कर्नलचे नव्या प्रोसेसरवर स्थलांतर आणि इंटरप्ट हाताळणी : ‘अजित’ प्रोसेसरच्या संदर्भात

प्रस्तावना :

आयआयटी मुंबई येथे प्रा. माधव देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये प्रकाशात आला. त्याची चिप सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी या शासकीय संस्थेत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने तयार करण्यात आली. हा प्रोसेसर ‘स्पार्क आवृत्ती ८’ या खुल्या मानकावर आधारलेला आहे. असा नवा प्रोसेसर हाती आल्यावर त्यावर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालविणे हे पुढचे काम असते. कर्नलचा बहुतांश भाग सी भाषेत असल्याने तो पुन्हा कंपाइल करता येतो. परंतु इंटरप्ट हाताळणारा भाग प्रत्येक प्रोसेसरसाठी नव्याने लिहावा लागतो. प्रस्तुत लेखात या भागाचे स्वरूप व त्यातील अडचणी यांचे विवेचन केले आहे.

इंटरप्ट म्हणजे काय?

एखाद्या उपकरणाने ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असा प्रोसेसरला दिलेला संकेत म्हणजे इंटरप्ट होय. बारामती-इंदापूर परिसरातील एखाद्या उसाच्या शेतात ठिबक सिंचनाचा स्वयंचलित नियंत्रक बसविला आहे, असे समजू. पाण्याचे मापक दर दहा लिटरमागे एक स्पंद पाठविते. नियंत्रकाने ते स्पंद मोजून ठरलेले पाणी पूर्ण होताच झडप बंद करावयाची आहे. इंटरप्ट नसेल तर प्रोसेसरला सतत मापकाकडेच पाहत बसावे लागेल.

स्पार्कमधील यंत्रणा :

या मानकात बाह्य इंटरप्टचे १ ते १५ असे स्तर आहेत. प्रोसेसरच्या स्थिती-रजिस्टरमध्ये एक मर्यादा नोंदलेली असते. तिच्याहून वरच्या स्तराचाच इंटरप्ट स्वीकारला जातो. १५ वा स्तर या मर्यादेने अडविता येत नाही. इंटरप्ट स्वीकारताना हार्डवेअर पुढील कामे करते :

१) पुढील ट्रॅप तात्पुरते बंद करते व विशेषाधिकार अवस्थेत जाते.
२) रजिस्टरांच्या पुढच्या ‘विंडो’त सरकते.
३) परतीचे दोन पत्ते त्या विंडोतील दोन स्थानिक रजिस्टरांत ठेवते.
४) ट्रॅप-तक्त्यातील योग्य नोंदीकडे उडी घेते.

या तक्त्यात २५६ नोंदी असून प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणजे केवळ चार सूचनांची असते. त्यामुळे संपूर्ण तक्ता ४०९६ बाइटचा होतो. इंटरप्टच्या स्तरात १६ मिळविले की नोंदीचा क्रमांक मिळतो. स्तर १० साठी तो २६ आहे.

कर्नलवरील जबाबदारी :

हार्डवेअर एवढेच करून थांबते. उर्वरित काम कर्नलचे. पहिले काम स्थिती-रजिस्टर जतन करण्याचे. ते विसरल्यास मूळ प्रोग्रॅमने नुकत्याच केलेल्या तुलनेचा निकाल पुसला जातो व तो क्वचितच, अनाकलनीय रीतीने चुकतो. दुसरे, विंडो सरकविताना ती मोकळी आहे की नाही हे हार्डवेअर तपासत नाही. म्हणून सी भाषेतील फलन बोलाविण्यापूर्वी आवश्यक असल्यास जुनी विंडो स्मृतीत हलवावी लागते. ही तयारी पूर्ण होण्याआधी दुसरा ट्रॅप उद्भवू देणे घातक ठरते, कारण ट्रॅप बंद असताना सूचनेतूनच ट्रॅप उद्भवल्यास प्रोसेसर त्रुटी-अवस्थेत जाऊन थांबतो. तिसरे, स्थिती-रजिस्टरमधील बदल तीन सूचनांपर्यंत विलंबाने लागू होऊ शकतो. तेवढी जागा सोडावी लागते.

इंटरप्ट नेमक्या कोणत्या उपकरणाचा, हे सांगणारा नियंत्रक मात्र स्पार्क मानक ठरवत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या पुढाकाराने घडलेला ‘लिऑन’ प्रोसेसरही याच मानकाचा आहे. तरीही त्याच्यासाठीचा नियंत्रक-कोड दुसऱ्या फलकावर तसाच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. पोच देण्याची पद्धत चुकल्यास दोन लक्षणे दिसतात. उपकरणाने संकेत धरूनच ठेवला असेल, तर हाताळणी संपताच तोच इंटरप्ट पुन्हा येतो व यंत्र त्यातच अडकते. संकेत क्षणिक असून नियंत्रक पोचेची वाट पाहत असेल, तर घड्याळाचा पहिला ठोका पडतो, दुसरा कधीच पडत नाही.

विलंबाचा प्रश्न :

नियंत्रक प्रलंबित संकेत सामान्यतः एकाच बिटमध्ये लक्षात ठेवतो. इंटरप्ट दीर्घकाळ बंद राहून दोन स्पंद आले, तर एकच मोजला जातो. वरील उदाहरणात दहा लिटर पाणी वाहूनही हिशेबात येत नाही आणि झडप उशिरा बंद होते. कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही केवळ तांत्रिक चूक नाही. म्हणून हाताळणीत स्पंद मोजण्याएवढेच तातडीचे काम करून उर्वरित काम पुढे ढकलावे, हा नियम पाळला जातो.

निष्कर्ष :

इंटरप्ट हाताळणी हा थोड्या ओळींचा, परंतु हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या सीमेवरील भाग आहे. तेथील चूक प्रत्येक वेळी दिसत नाही, म्हणूनच ती शोधणे कठीण जाते. महाविद्यालयांत कार्यप्रणाली व संगणक-रचना हे विषय बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. घड्याळाचा एक इंटरप्ट स्वीकारून, पोच देऊन, सुखरूप परतणारा छोटा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांकडून लिहून घेतल्यास हे दोन विषय एकत्र येतील. स्वदेशी प्रोसेसरचा उपयोग शेतापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर हे कौशल्य ग्रामीण भागातील महाविद्यालयांतही रुजणे आवश्यक आहे.