हातगाडीची दप्तरी नोंद

पहाटे मंडईतून उधारीवर भाजी उचलून ती दिवसभर हातगाडीवर विकणाऱ्या बाईचा व्यवहार कितीही सचोटीचा असला, तरी सरकारदरबारी त्याची नोंद नसल्यामुळे बँकेच्या लेखी तिला पत नसते, आणि सावकाराचे जबर व्याज तिच्या कपाळी येते. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेने ही कोंडी फोडण्याचा मार्ग दाखविला : ऑनलाइन अर्ज, नगरपालिकेचे ओळखपत्र वा शिफारसपत्र, आणि तारणाविना पहिले कर्ज (२०२० मध्ये १०,००० रुपयांपर्यंत); ते मुदतीत फेडले की पुढील मोठ्या कर्जाची पात्रता. शिवाय गाडीवरील क्यूआर कोडवर जमा होणारी प्रत्येक रक्कम हा तिच्या उलाढालीचा पुरावाच होय. परंतु आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल, तर हा दरवाजा उघडत नाही. म्हणून वाचकहो, आपल्या भाजीवाल्या मावशींच्या अर्जासाठी अर्धा तास अवश्य द्या.