बिनतारी घर आणि तुटलेला दुवा

दिवा लागला नाही की पूर्वी घरचा माणूस तीनच गोष्टी पाही. वीज आहे काय, बटण ठीक आहे काय, दिवा गेला आहे काय. आता दिवा, पंखा, दारावरचा कॅमेरा हे सारे मोबाइलच्या हुकुमात आले आणि तपासाची ही साधी रीत मात्र मागे पडली. उपकरण रुसले की कोणी ते अडगळीत टाकतो, कोणी बसवून देणाऱ्या कारागिराला बोल लावतो. कामगार चळवळीत आम्ही एवढे शिकलो की, यंत्र बंद पडले म्हणजे पहिला ठपका ते चालवणाऱ्यावर येतो. म्हणून ठपक्याआधी तपास हवा.

प्रथम साखळी समजून घेऊ. आपण बाहेरगावाहून हुकूम दिला तर तो सरळ दिव्याकडे जात नाही. बहुतेक उपकरणांत तो इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो, तेथून घरातल्या राउटरकडे आणि राउटरकडून बिनतारी लहरींनी दिव्याकडे. यांतला तुटलेला दुवा ओळखला की निम्मे काम झाले.

तो ओळखावा कसा? घरातली सगळीच उपकरणे गप्प असतील तर दोष राउटरचा किंवा इंटरनेटचा. मोबाइलचा डेटा बंद करून राउटरवरून एखादे पान उघडते काय ते पाहावे. पान उघडते, पण एकाच कंपनीची उपकरणे गप्प आहेत, तर बिघाड बहुधा कंपनीकडे. एकटाच दिवा गप्प असेल तर दोष त्या दिव्याचा किंवा त्याच्या जागेचा.

जागेचे महत्त्व लहरीच्या लांबीत आहे. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर ऐकू येई. ती लहर सुमारे २३० मीटर लांब, घरेदारे सहज ओलांडणारी. राउटरची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. जुन्या वाड्याची जाड भिंत तिला दमवते, पत्रा आणि लोखंडी कपाट तिला परतवतात, पाण्याची टाकी तिला शोषून घेते. तेव्हा राउटर कपाटामागे न लपवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. ५ गिगाहर्ट्झची लहर याहून आखूड. ती वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर हरते.

येथेच पुष्कळांची फसगत होते. नवे राउटर दोन्ही लहरी सोडतात, पण दिवे व प्लग बहुतेक २.४ च्याच ओळखीचे. उपकरण जोडताना मोबाइलही त्याच जाळ्यावर असावा. या पट्ट्याला भारतात जानेवारी २००५ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे तेथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर त्यावरच बोलतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्यातच गडबड करते. राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी असेल ती निवडावी.

वीज जाऊन आली की दिवा क्षणात जागा होतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटे लागतात. काही उपकरणे तोवर शोध सोडून देतात. पाच मिनिटे थांबून उपकरण बंद-चालू करावे. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर तो प्रत्येक उपकरणाला नव्याने सांगावा लागतो. सारे पुसून मुळापासून सुरुवात करणे हा उपाय अगदी शेवटचा.

आता मुद्दा मालकीचा. अमेरिकेत नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह नावाच्या गृहयंत्राची सेवा १५ मे २०१६ पासून बंद केली आणि ग्राहकांनी दाम मोजून घेतलेली यंत्रे निकामी झाली. त्यांत बिघाड काहीच नव्हता, फक्त साखळीचे एक टोक दुसऱ्याच्या हाती होते.

म्हणून वस्तू घेताना दुकानदाराला विचारावे, इंटरनेट नसताना हा दिवा भिंतीवरच्या बटणाने लागतो काय? पाथरीत एकटी म्हातारी आई आणि पुण्यात नोकरीला मुलगा, अशी घरे आता थोडी नाहीत. मुलाला पुण्यातून दिवा लावता यावा हे चांगलेच. पण रात्री उठलेल्या आईला तो स्वतःच्या हाताने लावता आला पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचे.