बंद पडून राहिलेली स्पोर्ट्स मोटार आणि तिचा धूर

नगर-मनमाड रस्त्यावरील कोल्हारसारख्या गावात गॅरेज चालविणाऱ्या मिस्त्री बंधूंसमोर एखादे दिवशी वेगळेच काम येते. वर्षानुवर्षे शेडमध्ये झाकून ठेवलेली दोन आसनी स्पोर्ट्स मोटार मालक ओढून आणतो. चालू करताच सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो आणि "इंजिन गेले" असा निकाल तिथल्या तिथे दिला जातो. आमचे म्हणणे एवढेच की, पहिल्या दिवसाच्या धुरावरून इंजिन खोलू नये.

अशा गाड्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. 1998 साली बाजारात आलेली, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म घ्या. तिचे इंजिन रेनॉचे, 1149 सी.सी.चे. आता या गाडीचे उत्पादन बंद आहे. विनाकारण खोललेले इंजिन सामानाअभावी महिनोन्महिने पडून राहते. गिऱ्हाइकाचा पैसा अडकतो आणि कारागिराचे नाव खराब होते.

म्हणून आधी धुराचा रंग पाहावा. पांढरा धूर बहुधा वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. थंड सायलेन्सरमध्ये ते साचते व गरम झाल्यावर वाफ होऊन जाते. इंजिन तापल्यावर ही वाफ थांबली तर काळजी नको. मात्र ती थांबत नसेल, रेडिएटरचे पाणी घटत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. गाडी उभी राहिली की पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होतात. चालू करताना धूर येऊन लगेच थांबला तर सीलवर संशय घ्यावा. वेग वाढविताना सतत आला तर रिंगांवर. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. फारसा वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. इंजिन मोकळे करण्यासाठी आपणच आत ऑइल टाकले असेल, तर तेही थोडा वेळ निळा धूर देणारच.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टरमध्ये उंदराचे घरटे आहे का, कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकला आहे का, हे पाहावे.

चालू करण्यापूर्वी टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याला वॉर्निशसारखा वास येतो. उसापासून होणारे इथेनॉल प्रवरेकाठच्या लोकांना नवे नाही. आता पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब करते. पाइप बदलावेत. ऑइल व फिल्टर बदलावा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

सर्व ठीक दिसल्यास गाडी अर्धा तास बेताने चालवावी, काही दिवस असेच करावे. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा चालण्यानेच मोकळ्या होतात. त्यानंतर पुन्हा कॉम्प्रेशन मोजून मगच खर्चाचा अंदाज सांगावा.

पी.यू.सी.चाही विचार हवा. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारीस इंजिन मंद चालू असताना कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, भारत स्टेज दोन व तीनच्या गाड्यांना मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. 15 वर्षांनंतर फेरनोंदणीच्या वेळी गाडीची तपासणीही होते.

तपासणीची वेगळी मजुरी मोकळेपणाने घ्यावी व मोजलेले आकडे कागदावर लिहून द्यावेत. गिऱ्हाइकाला दोष समजतो, कारागिराला वेळेचा मोबदला मिळतो आणि गरज नसलेले काम टळते.