धान्यातील बुरशीविष आणि वैद्याची आहारविचारणा

पथ्य सांगताना ‘जुने धान्य घ्यावे’ हा उपदेश आपण वैद्य मंडळी सहजपणे करतो. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी, तर वर्ष उलटलेले धान्य लघू व हितकर, हा चरकसंहितेतील निर्देश सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या सत्यतेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते वर्ष धान्याने कोठे व कोणत्या अवस्थेत काढले, हे आपण रुग्णास क्वचितच विचारतो. धान्य जुने की नवे या प्रश्नाइतकाच ते कोरडे राहिले की ओले झाले हा प्रश्नही मोलाचा आहे. त्याकडे दुर्लक्ष झाले असता काय घडू शकते, याचे आपल्या शेजारच्या प्रदेशातील एक उदाहरण प्रथम पाहू.

१९७४ सालच्या ऑक्टोबरमध्ये गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत कावीळ व उदराची एक विचित्र साथ सुरू झाली. हा भाग मुख्यत्वे आदिवासी वस्तीचा असून मका हे तेथील नित्याचे अन्न. सतत अवर्षण सोसलेल्या या मुलखात त्या वर्षी मक्याच्या काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेली कणसे वाळविण्यास ना ऊन होते, ना जागा. ती तशीच घरात रचली गेली. पुढील काही आठवड्यांत सुमारे २०० गावांतून ३९७ रुग्णांची नोंद झाली व त्यांपैकी १०६ दगावले. प्रारंभी अल्पकाळ ज्वर, मग कावीळ, वेगाने वाढणारे जलोदर, पायांवर शोथ, आणि अखेरीस अनेकांच्या बाबतीत महास्रोतसातील रक्तस्राव, असा व्याधीचा क्रम होता.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी या साथीचा मागोवा घेतला. संसर्गजन्य कावीळ म्हणावी, तर पाच वर्षांखालील बालके जवळजवळ सुटली होती. त्याच गावातील ज्या घरी मका हे मुख्य अन्न नव्हते, तेथे आजार नव्हता. उलट एकाच घरातील, एकाच कणगीतील मका खाणारी अनेक माणसे एकदम आजारी होती. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कुत्री. घरातील उष्टी भाकरी खाणाऱ्या कुत्र्यांनाही कावीळ व जलोदर होऊन ती मेली होती. विषाची शंका आल्यास अन्नाचा अंश पशुपक्ष्यांस घालून पाहावा, असे सुश्रुताच्या कल्पस्थानात सांगितले आहे. पंचमहालातील कुत्र्यांवर ही परीक्षा कोणी मुद्दाम केली नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्या घरांतील मक्याच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीविष किलोमागे ६ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. आज आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार तृणधान्यांत अफ्लाटॉक्सिनची एकूण कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे वरच्या टोकाचे नमुने या मर्यादेच्या सुमारे हजारपट विषारी होते. पुढे तीस वर्षांनी, २००४ साली, केनियाच्या पूर्व भागात हीच कथा जवळजवळ शब्दशः घडली. घरचाच मका, ओलसर साठवण, ३१७ रुग्ण आणि १२५ मृत्यू. प्रदेश निराळा, परंतु निदानपंचक तेच.

आता या विषाचे स्वरूप पाहू. पिकावरील प्रत्येक बुरशी खाणाऱ्यास विषारी असते असे नाही. गव्हावरचा तांबेरा किंवा ज्वारीवरील काणी शेतकऱ्याचे उत्पन्न बुडवितात, परंतु त्यांमुळे मनुष्यास विषबाधा झाल्याचे कोणी सांगत नाही. धोका आहे तो दाण्यावर वाढताना विषारी द्रव्ये निर्माण करणाऱ्या मोजक्या बुरशींपासून. त्यांपैकी अॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट पिवळ्या रंगाची बुरशी मका, भुईमूग, सरकी यांवर विशेषेकरून वाढते. अफ्लाटॉक्सिन हे नाव तिच्याच नावातील अक्षरांवरून पडले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा शोध घेता घेता हे विष प्रथम हाती लागले.

या विषाच्या तीन गोष्टी वैद्याने ध्यानात ठेवाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली ही की, बुरशी व विष या दोन भिन्न वस्तू आहेत. दाणे पुसले, घासले, उन्हात घातले की बुरशी दिसेनाशी होते. दाण्यात उतरलेले विष मात्र तेथेच राहते. त्यामुळे ‘स्वच्छ करून घेतले आहे’ या उत्तराने आपले समाधान होता कामा नये. दुसरी गोष्ट, हे विष उष्णतेस दाद देत नाही. भाकरी भाजणे, कण्या शिजविणे या नेहमीच्या अग्निसंस्काराने त्याचा थोडाच अंश नष्ट होतो. अग्निसंस्काराने द्रव्याचे गुण पालटतात हे आपल्या शास्त्राचे प्रिय सूत्र आहे, परंतु येथे त्याच्यावर भिस्त ठेवणे घातक ठरेल. तिसरी गोष्ट मात्रेची. मोठी मात्रा काही आठवड्यांत यकृताचा घात करते. अल्प मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कोणतेच तत्काळ लक्षण दिसत नाही. परंतु यकृतात या विषाचे रूपांतर होऊन निर्माण होणारे द्रव्य पेशीतील डीएनएला चिकटते व कालांतराने यकृताच्या कर्करोगास कारण होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश मनुष्यात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात केला आहे. ज्यांना ब प्रकारच्या काविळीचा विषाणू जडलेला आहे, अशांमध्ये हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

हे वाचताना दूषीविषाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मंदवीर्य झालेले, तत्काळ न मारणारे, शरीरात दीर्घकाळ दबून राहणारे आणि प्रतिकूल देश, काल, आहार मिळताच प्रकोप पावणारे विष, हे सुश्रुतोक्त वर्णन अल्पमात्रेतील धान्यविषास चांगले लागू पडते. आम्हांसही ही तुलना उपयुक्त वाटते, परंतु ती विचारास दिशा देण्यापुरतीच. प्राचीन आचार्यांना अफ्लाटॉक्सिन ठाऊक होते असे तीवरून म्हणणे हा उतावीळपणा होईल. तसेच दूषीविषावरील योग यावर चालतीलच असे गृहीत धरणेही योग्य नाही. काही यकृतरक्षक वनस्पतींचा प्राण्यांवरील प्रयोगांत लाभ दिसला आहे हे खरे. पण अशा साथीतील मनुष्यांवर त्या सिद्ध झाल्याचे म्हणता येत नाही. या विषावर ज्ञात असा खास उतारा नाही. संशय येताच ते धान्य बंद करणे हा निदानपरिवर्जनाचाच उपाय प्रथम, आणि जलोदर वा रक्तस्राव दिसू लागताच रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठविणे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मक्याहून बाजरी व ज्वारी आपल्या अधिक जवळच्या. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली म्हणजे कणसांवर अरगट रोग पडतो. आरंभी कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक ग्रंथी तयार होतात. मळणीत त्या धान्यात मिसळतात. अशी बाजरी खाल्ल्यावर एक-दोन तासांत मळमळ, ओकाऱ्या, चक्कर व गुंगी येते. बहुधा एक-दोन दिवसांत रुग्ण पूर्ववत होतो. पश्चिम भारतात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुन्हा १९७५ साली राजस्थानात अशा विषबाधा नोंदल्या गेल्या. युरोपात मध्ययुगात राय धान्यावरील अरगटाने हातापायांची बोटे सडून गळत. बाजरीवरील अरगटाची बुरशी त्याच कुळातील, पण जात निराळी आणि तिची विषद्रव्येही निराळी. म्हणून आपल्याकडील साथींत वमन व तंद्रा दिसली, कोथ दिसला नाही.

सुदैवाने येथे विष त्या ग्रंथीतच कोंडलेले असते, त्यामुळे ग्रंथी काढली की धान्य वाचते. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओतावी व ढवळावी. हलक्या ग्रंथी व पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. खाली राहिलेली बाजरी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन चांगली वाळवावी. बियाण्यासाठी कृषी खाते हा उपाय पूर्वीपासून सांगत आले आहे, खाण्याच्या बाजरीसही तो चालतो. काढलेल्या ग्रंथी कोंबड्यांपुढे न टाकता जाळाव्यात.

ज्वारीची गोष्ट वेगळी आहे. रब्बीची मालदांडी ज्वारी कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा राहतो. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले आणि त्यानंतर खरिपात लवकर तयार होणाऱ्या ज्वारीचा प्रसार झाला. उत्पन्न वाढले, परंतु पूर्वीचे उंच, उशिरा येणारे वाण पाऊस सरल्यावर पक्व होत, तर हे नवे वाण पाऊस चालू असतानाच दाण्यावर येऊ लागले. भिजलेले कणीस काळे पडते. त्यावर अनेक बुरशी असतात आणि त्यांत फ्युजेरियम कुळातीलही असतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील २७ गावांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी, आंत्रकूजन व अतिसाराची साथ झाली. त्या धान्यात फ्युजेरियमचे फ्युमोनिसिन हे विष सापडले. धान्य बदलताच रुग्ण बरे झाले. बाधित कुटुंबे मुख्यत्वे गरिबांतील गरीब होती, आणि त्यात नवल नाही. काळी ज्वारी बाजारात स्वस्त मिळते आणि ज्याच्या घरी दुसरे धान्य नाही तो ती फेकून देऊ शकत नाही. ‘बुरशीचे धान्य खाऊ नका’ असे सांगून वैद्याचे कर्तव्य संपते असे मानणाऱ्यांनी या घरांचा विचार करावा. अशा कुटुंबास निदान काळे, सुरकुतलेले, किडके व फुटके दाणे निवडून काढण्यास तरी सांगावे, कारण विषाचा मोठा वाटा अशाच दाण्यांत एकवटलेला असतो. हा पूर्ण उपाय नव्हे. तरीही पोटात जाणारी मात्रा त्याने उतरते.

मग प्रत्यक्ष रुग्णपरीक्षेत काय करावे? एखाद्या वाडीतून पाठोपाठ काविळीचे वा अतिसाराचे रुग्ण येऊ लागले, तर पाण्याची चौकशी आपण करतोच. तिच्या जोडीस धान्याचीही चौकशी असावी. आजारी पडलेले सगळे एकाच साठ्यातील धान्य खातात काय? काढणीच्या वेळी पाऊस होता काय? अंगावर पिणारी मुले सुटली आहेत काय? घरची कुत्री, कोंबड्या कशा आहेत? जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, जल, देश व काल हे सर्वांना समान असलेले भाव सांगितले आहेत. धान्याचा साठा त्यांत नावाने आलेला नाही, परंतु बिघडलेला काल व दूषित झालेला देश यांचा परिणाम घरात पोहोचतो तो त्याच्याच द्वारे. जलोदराची प्रत्येक साथ मात्र बुरशीची नसते. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात कावीळ व जलोदराची जी साथ झाली, तिचे कारण गोंदली या बारीक धान्यात मिसळलेले खुळखुळ्याच्या कुळातील तणाचे बी होते. तेव्हा संशय आल्यास मूठभर धान्य स्वतः पाहावे आणि नमुना कोरड्या कागदी पुडीत बांधून आरोग्यकेंद्रामार्फत प्रयोगशाळेत पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट धान्य कोंडले तर वाटेतच बुरशी वाढते.

साठवणीविषयी थोडे. कणगी, बळद आणि पेव ही आपली जुनी साधने. त्यांपैकी पेवात कडेच्या व वरच्या थरातील ज्वारीस कुबट वास येतो, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असे व तो थर ते वेगळा काढीत. धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत चांगली आहे, पण तो किडीस आवरतो, ओलाव्यास नव्हे. किडीने पाडलेल्या छिद्रातून बुरशीस वाट मिळते, तेवढ्यापुरता त्याचा बुरशीविरुद्धही उपयोग. खरा उपाय वाळविण्याचा. दाण्यातील ओलावा शेकडा १२-१३ च्या खाली असावा. दातांखाली दाणा कट्ट आवाज करून फुटला तर तो वाळला असे आपली वडीलधारी माणसे म्हणत, आणि ही परीक्षा वाईट नाही. याहून निश्चित अशी मिठाची परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य व थोडे कोरडे मीठ घालून चांगले हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर ओलावा शेकडा १५ हून अधिक आहे असे समजावे व धान्य पुन्हा उन्हात घालावे. आपल्या औषधालयातील कच्च्या द्रव्यांची पोतीही याच दृष्टीने एकदा पाहावीत.

माणसांनी टाकलेला बुरशीचा मका व काळी पेंड बहुधा दुभत्या जनावरांपुढे जाते. गाईच्या यकृतात अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर होऊन एम-१ हा प्रकार तयार होतो व तो दुधात उतरतो. दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. उकळल्याने तो जात नाही, आणि दुधातील प्रथिनास चिकटून राहत असल्याने दही व पनीर यांतही सापडतो; तुपात मात्र अगदी थोडा येतो. क्षीरपानाचा प्रयोग सुरू करण्यापूर्वी दूध कोणत्या गोठ्यातून येते आणि तेथील जनावरांस पावसाळ्यात काय घालतात, हे विचारून घ्यावे.