पावसाळ्यात घरची विहीर

मिठबावसारख्या गावात जांभ्यातून पावसाचे पाणी विहिरीत चटकन झिरपते. सोबत संडासाच्या टाकीतली घाणही येते. पाणी नितळ दिसले तरी त्यातून जुलाब, कावीळ होऊ शकते. म्हणून टीसीएल पावडर टाकावी. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर खोल असल्यास सुमारे २८ हजार लिटर पाणी भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे ७० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवावी, दहा मिनिटांत चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीने विहिरीत सोडून बादली वरखाली हलवावी. तासभर पाणी काढू नये. वासाने घरची मंडळी नाक मुरडतात, पण थोडा वास राहिलाच पाहिजे. उघड्या पुडीतली पावडर मात्र आपल्याकडच्या दमट हवेत निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.