ओढकामाच्या जातीतील मादी शिंगराचे संगोपन

ओढकामाच्या जातीतील मादी शिंगराचे संगोपन म्हणजे शायर, क्लाइड्सडेल, सफक पंच, पेर्शेरॉन, बेल्जियन यांसारख्या अवजड घोड्यांच्या जातीतील, दूध तोडलेले मादी शिंगरू घरी आणल्यापासून ते कामास किंवा प्रजननास योग्य होईपर्यंत केली जाणारी जोपासना होय. हा काळ साधारणतः तीन ते चार वर्षांचा असतो. या जातींची शिंगरे फार लवकर मोठी दिसू लागतात. हाडे आणि सांधे मात्र सावकाश पक्व होतात. आकार आणि वय यांतील ही तफावत या संगोपनातील बहुतेक अडचणींच्या मुळाशी असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील पद्धतींचा आणि त्यातही सफक पंच या दुर्मीळ जातीचा आधार घेतला आहे.

पार्श्वभूमी

सफक पंच ही इंग्लंडच्या पूर्व भागातील सफक परगण्यात, जड चिकणमातीच्या शेतीसाठी घडलेली जात आहे. रंग नेहमी तांबूस असतो. पायांवर शायर किंवा क्लाइड्सडेलप्रमाणे केसांचे झुपके नसतात, त्यामुळे चिखल पायांना कमी चिकटतो. आजचे सर्व सफक घोडे १७६८ मध्ये जन्मलेल्या, अफर्ड गावच्या क्रिस्प यांच्या एकाच वळूघोड्याच्या नरवंशातील आहेत. या जातीची संस्था १८७७ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि घोडे झपाट्याने कमी झाले. १९६६ या वर्षात सफक जातीच्या केवळ ९ शिंगरांची नोंद झाली. संख्या त्यानंतर काहीशी सावरली, तरी जात अजूनही धोक्यातच आहे. एका नराकडून अनेक घोड्या फळवता येतात, पण एका घोडीला वर्षाकाठी फार तर एकच शिंगरू होते. म्हणून अशा जातीत मादी शिंगराचे मोल त्याच्या बाजारभावाने ठरत नाही. चुकीच्या आहाराने एक घोडी कायमची लंगडी झाली, तर जातीच्या पुढील पिढीतील काही शिंगरेही त्याबरोबर गमावली जातात.

घरी आणल्यानंतरचे पहिले दिवस

शिंगराचे दूध साधारणतः सहाव्या महिन्यात तोडतात. आईपासून तुटणे, वाहनाचा प्रवास आणि अनोळखी जागा या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, तर शिंगरू खाणे सोडते, घाबरते आणि आजाराला सहज बळी पडते. जाणते पैदासकार म्हणूनच दूध तोडल्यावर काही आठवडे शिंगरू स्वतःकडेच ठेवतात आणि मगच नव्या मालकाच्या स्वाधीन करतात.

नव्या जागी आणलेले शिंगरू सुमारे तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळे ठेवणे हितावह असते. स्ट्रँगल्स हा जबड्याखालील गाठी पिकवणारा संसर्गजन्य रोग याच मार्गाने नव्या तबेल्यात शिरतो. मात्र वेगळे ठेवणे म्हणजे एकाकी ठेवणे नव्हे. घोडा हा कळपात राहणारा प्राणी असल्याने दुसरा घोडा दिसेल, त्याचा आवाज ऐकू येईल, पण नाकाला नाक लागणार नाही, अशा अंतरावर शिंगराची सोय करतात. विलगीकरण संपल्यावर त्याला शांत स्वभावाच्या वयस्क घोडीची किंवा समवयस्क शिंगराची सोबत द्यावी लागते. माणसाच्या सहवासात एकटे वाढलेले शिंगरू माणसालाच कळपातील सवंगडी समजते, त्याच्याशी दांडगाई करते, आणि तीन वर्षांनी तेच वजन आठ-नऊशे किलोचे झालेले असते.

पहिल्या आठवड्यात वैरण आणि चंदी पूर्वीच्या मालकाकडे मिळत होती तीच द्यावी, असा संकेत आहे. आहारातील बदल सात ते दहा दिवसांत थोडाथोडा करतात. एकदम केलेला बदल पोटशुळाला निमंत्रण देतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप असणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे ही कागदपत्रेही शिंगराबरोबर यावी लागतात.

आहार

नवख्या पालकाची सर्वांत मोठी चूक आहारातच होते आणि ती बहुधा मायेपोटी होते. वाढते शिंगरू कधी मागून उंच, कधी पुढून उंच, कधी नुसत्या पायांचे असे बेढब दिसते. मधूनच फासळ्या थोड्या दिसू लागतात. मोठ्या जातीचे शिंगरू म्हणजे त्याला अधिक चंदी हवी, असा समज होतो आणि ओट, बार्ली, मका यांचे माप वाढवले जाते. शिंगरू गोंडस व गुटगुटीत होते, पाहणारेही कौतुक करतात. पण सांध्यांवर अकाली भार येतो.

हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. हाडाची लांबी तेथून वाढते आणि वाढ पूर्ण झाली की तो थर हाडात रूपांतरित होतो. हे थर ‘बंद होण्याचे’ वय जागेनुसार बदलते: पायाच्या खालच्या भागात ते पहिल्या वर्षातच बंद होतात, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूस दोन ते अडीच वर्षे लागतात, तर पाठीच्या मणक्यांत पाच-सहा वर्षांपर्यंत हे काम चालू राहते. अतिरिक्त पिष्टमय आहाराने वाढीचा वेग वाढला, किंवा खनिजांचे प्रमाण बिघडले, तर कूर्चेचे हाडात रूपांतर नीट होत नाही. सांध्यातील कूर्चेचा तुकडा सैल होणे (ऑस्टिओकाँड्रोसिस) आणि गुडघ्याच्या वर किंवा घोट्याजवळ सूज येणे (फिझायटिस) हे त्याचे परिचित परिणाम होत. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, पण पालकाच्या हाती आहारच असतो.

आहाराचा पाया चांगली वैरण हाच असावा लागतो. कोरड्या वजनाने मोजल्यास रोजचा चारा शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के लागतो. चाऱ्यातून ऊर्जा पुरेशी मिळते. कमी पडतात ती प्रथिने, तांबे, जस्त व इतर खनिजे. म्हणून पोतेभर धान्याऐवजी अल्प प्रमाणात देण्याचा, खनिजे व प्रथिने यांनी युक्त असा पूरक खुराक अधिक उपयोगी ठरतो. कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे. गव्हाचा कोंडा घोड्यांना आवडतो, पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असल्याने वाढत्या शिंगराला तो नियमित देणे अहितकारक आहे. बेल्जियन आणि पेर्शेरॉन जातींत स्नायूंमध्ये शर्करा विकृत स्वरूपात साठवणारा आनुवंशिक विकार बराच आढळतो; अशा घोड्यांना पिष्टमय चंदी वयाच्या कोणत्याही टप्प्यावर सोसत नाही.

शिंगराची तब्येत पाहताना डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा हाताचा उपयोग करावा. फासळ्या हाताला सहज लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. हिवाळ्यात दाट केसांखाली हाडे दडतात, त्यामुळे त्या काळात हात फिरवणे अधिकच आवश्यक ठरते.

चराई आणि व्यायाम

मोठ्या कुरणात मुक्त फिरणे हाच शिंगराचा योग्य व्यायाम होय. दिवसरात्र तबेल्यात बांधलेल्या शिंगराची हाडे व स्नायुबंध कमकुवत राहतात. उलट लहान रिंगणात दोरीला धरून गोल-गोल पळवणे वाढत्या सांध्यांना घातक असते. ब्रिटनमधील कुरणांत दोन वनस्पतींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पिवळ्या फुलांचे रॅगवर्ट हे झुडूप यकृत निकामी करते. ते वाळल्यावर कडवटपणा कमी होऊन गवतात मिसळून खाल्ले जाते, म्हणून वैरणीत ते अधिक धोकादायक ठरते. शरद ऋतूत सायकामोर झाडाच्या पंख असलेल्या बिया कुरणात पडतात. त्यांतील विषाने स्नायू झपाट्याने नष्ट होतात, आणि या रोगाने दगावणाऱ्यांत तरुण घोड्यांचे प्रमाण मोठे असते.

खूर, दात आणि आरोग्य

दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावे लागतात. या वयात नाल ठोकत नाहीत. शिंगराच्या पायाच्या ठेवणीतील वाकडेपणा खूर तासून काही अंशी सुधारता येतो, पण केवळ संबंधित हाड वाढत आहे तोवरच. घोट्याजवळचा दोष दूध तुटेपर्यंत बहुतांशी कायम झालेला असतो. त्यामुळे विकत घेतानाच पाय पाहणे हे नंतरच्या कोणत्याही उपचारापेक्षा महत्त्वाचे ठरते.

पहिल्या वर्षी मोठ्या गोल जंतांचा उपद्रव अधिक असतो. पुढे त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येते आणि लहान जंतांकडे लक्ष द्यावे लागते. ठरावीक दिवशी आंधळेपणाने औषध पाजण्याऐवजी लिदीतील अंडी मोजून औषध ठरवण्याची पद्धत आता रूढ होत आहे, कारण अनेक औषधांना जंत दाद देईनासे झाले आहेत. धनुर्वात आणि इन्फ्लुएंझा यांच्या लसी साधारणतः सहाव्या महिन्यापासून सुरू करतात. पायांवर दाट केस असणाऱ्या शायर, क्लाइड्सडेल जातींत केसांखाली माइट कीटक होतात. शिंगरू सतत पाय आपटू लागले, तर ते खोडकर आहे असे न मानता केस बाजूला सारून कातडी पाहावी.

दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांपासून पडू लागतात. नेमके याच वयात लगामाची ओळख करून दिली जाते, आणि हिरड्या दुखत असताना तोंडातील कडी नकोशी झालेल्या घोडीला अनेकदा हट्टी ठरवले जाते. लगामापूर्वी दंततपासणी करण्याचा प्रघात यामुळेच पडला आहे.

हाताळणी आणि शिक्षण

ओढकामाच्या जाती स्वभावाने शांत म्हणून प्रसिद्ध आहेत. हा लौकिक खरा असला, तरी शांत घोडा जन्मतः शिकलेला नसतो. एक वर्षाचे शिंगरूही प्रौढ माणसाच्या कित्येक पट वजनाचे असते, त्यामुळे शक्तीने आवरण्याचे दिवस फार थोडे असतात. म्होरकी घालून घेणे, दोरामागे चालणे, थांबणे, बाजूला सरकणे, चारही पाय उचलू देणे आणि खरारा करून घेणे एवढे पहिल्या वर्षात शिकवले, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. रोज दहा मिनिटांचा पाठ पुरतो. लांबलेल्या पाठात शिंगराचे लक्ष उडते आणि भांडण सुरू होते. हातातून खाऊ देण्याची सवय पुष्कळ मालकांना मोडवत नाही, पण चावण्याची खोड बहुधा तिथूनच लागते.

दोन वर्षांच्या सुमारास साजाची ओळख, मागून लांब लगाम धरून चालवणे आणि रस्त्यावरील वाहनांची सवय करणे यांना प्रारंभ होतो. हलके ओंडके किंवा घसरगाडी ओढणे सहसा तिसऱ्या वर्षी येते. पूर्ण दिवसाचे काम चार-पाच वर्षांच्या आत देत नाहीत. इंग्लंडच्या शेतांवर तरुण घोड्याला अनुभवी घोड्याच्या जोडीला जुंपून नांगर शिकवत. महाराष्ट्रात नवा गोऱ्हा मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात, त्यामागील विचार हाच आहे. खांद्यावरील गादीदार गळपट्टा नेमका बसणे अत्यावश्यक असते. वाढत्या घोडीचे खांदे वरचेवर बदलत असल्याने गेल्या वर्षीचा गळपट्टा यंदा टोचू शकतो, आणि एकदा खांदा सोलला की ओढण्याविषयीची धास्ती दीर्घकाळ टिकते.

वयात येणे आणि प्रजनन

मादी शिंगरू एक ते दीड वर्षाच्या सुमारास माजावर येऊ लागते, त्यामुळे त्या वयात ते खच्ची न केलेल्या नर शिंगरांबरोबर चरायला सोडत नाहीत. माजाच्या दिवसांत घोडी चिडचिडी होऊ शकते. असे दिवस नवा धडा देण्यास अनुकूल नसतात. शरीर पुरेसे भरल्यावर, बहुधा तीन ते चार वर्षांच्या वयात, पहिल्यांदा फळवतात. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. सफक जातीत माद्यांची संख्या वाढवण्यासाठी आधुनिक तंत्रांचाही अवलंब होतो. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये लिंगनिवड केलेल्या वीर्याचा उपयोग करून या जातीचे एक मादी शिंगरू जन्मास आले.