नक्कल नव्हे, अभ्यास

लोकप्रिय कलावंताच्या गौरवाचे आपल्याकडे काही ठरावीक प्रकार आहेत. साहित्यिकाच्या नावाने पुरस्कार ठेवला जातो, गायकाच्या पुण्यतिथीला संगीतसभा होते, नेत्याचा पुतळा उभा राहतो. चित्रकथा काढणाऱ्या चित्रकाराच्या वाट्याला यांतले फारसे काही येत नाही. त्याचा गौरव त्याचे वाचकच करतात आणि तोही हातात पेन्सिल घेऊन. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांच्या बाबतीत हेच घडले आहे. त्यांनी रूपास आणलेल्या ‘नागराज’ या महानायकाची चित्रे हौशी चित्रकार आजही काढतात, जुन्या अंकांची मुखपृष्ठे नव्याने रंगवतात आणि समाजमाध्यमांवर एकमेकांना दाखवतात. या धडपडीला पोरखेळ समजणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी कलाशिक्षणाचा एक प्रश्न आहे आणि जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यात तो अधिकच टोचतो.

मुळीक यांचे काम महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले आहे. नाव मात्र तितके पोचलेले नाही. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालिकेच्या प्रमुख चित्रकारांत राम वाईरकरांच्या बरोबरीने त्यांची गणना होते. शिवचरित्रावरील अंक त्यांनीच चितारला. पुढे अमिताभ बच्चन यांना नायक करणाऱ्या ‘सुप्रीमो’ या मालिकेची चित्रेही त्यांनी काढली. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 साली ‘नागराज’ आणला, तेव्हा सुरुवातीच्या काळातील अंकांना मुळीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाट दिला. हिरवी खवलेदार कातडी, मनगटातून सुटणारे सर्प आणि विषारी फुत्कार असा हा नायक. त्याचा साचा अमेरिकी कॉमिक्सचा असला तरी त्याचे मूळ आपल्या नागकथांत होते. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या भद्रनागाचे देऊळ आहे, तेथील मुलाला तो परका वाटण्याचे कारण नाही. भाषा हिंदी असल्याने विदर्भात त्याला दुभाष्याचीही गरज पडली नाही.

आता आक्षेप असा घेतला जातो की, दुसऱ्याने घडवलेले पात्र पुन्हा पुन्हा काढण्यात कला कोणती? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. चित्रावर पातळ कागद ठेवून रेषा गिरवणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. मात्र पाहून काढणे ही निराळी गोष्ट आहे. नागराजाच्या दंडावरची खवले नवशिका जाळीसारखी सपाट काढतो आणि दंड फळीसारखा दिसू लागतो. मग तो मूळ चित्राकडे परत वळतो. खवल्यांची रांग स्नायूच्या गोलाईबरोबर वळली पाहिजे, कडेला ती दाट आणि मध्ये विरळ झाली पाहिजे, हे त्याला तेथे उमगते. वाचकाच्या दिशेने येणारी मूठ मोठी आणि खांदा लहान का, उडी मारणाऱ्या देहाचा तोल कोठे असतो, हे धडे तो असेच घेतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांवरील व कॅलेंडरांवरील चित्रे समोर ठेवून ज्यांचा हात तयार झाला, त्यांनीही दुसरे काय केले? एकलव्याची कथा आपण कौतुकाने सांगतो. मग गुरूचे चित्र हाच गुरू मानणाऱ्या मुलाला नकलाकार म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

या वंदनेला दुसरीही एक बाजू आहे. चित्रकथा हा अनेक हातांचा धंदा असतो. एक जण पेन्सिलीने आखतो, दुसरा शाईने रेषा पक्की करतो, तिसरा रंग भरतो, चौथा अक्षरे लिहितो. आणि पात्र प्रकाशकाचे राहते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. त्याच कायद्याचे 57 वे कलम मात्र कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा हक्क कलावंताकडे ठेवते, मग त्याने मालकी विकलेली का असेना. कायद्यातला हा हक्क व्यवहारात जिवंत ठेवण्याचे काम चाहते करतात. अमेरिकेत ‘कॅप्टन अमेरिका’चे एक जनक जॅक कर्बी यांना आपल्याच मूळ चित्रांसाठी मार्व्हल या प्रकाशनसंस्थेशी झगडावे लागले. हजारो पानांपैकी सुमारे दोन हजार पाने 1987 साली त्यांना परत मिळाली. त्या लढ्यात सहव्यवसायी चित्रकार आणि वाचक त्यांच्या पाठीशी उभे होते. कर्बी 1994 साली वारले. त्याच वर्षी केवळ त्यांच्या कामाला वाहिलेले नियतकालिक एका चाहत्याने सुरू केले. आपल्याकडील चाहत्यांनीही चित्राखाली स्वतःच्या सहीबरोबर ‘मूळ चित्र : प्रताप मुळीक’ असे लिहिण्याचा दंडक पाळला, तर ते मोठेच काम होईल.

आता जिवतीचा विचार करू. माणिकगड पहाडावरील या तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आहेत. कोलामी किंवा गोंडी बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला मराठीचे पाठ्यपुस्तक ही परकी भाषा असते. चित्र मात्र त्याला पहिल्या दिवसापासून वाचता येते. चौकटीमागून चौकट चालणारी चित्रकथा हा त्याच्यासाठी अक्षरांकडे नेणारा पूल ठरू शकतो. पण तेथे चित्रकला शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, तो शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेला. विखुरलेल्या गुड्यांवरील लहान शाळा या अटीत बसणार तरी कशा? मोठ्या शहरातील मुलाला शिकवणीवर्ग आहे, प्रदर्शने आहेत. पहाडावरच्या मुलाला छापील चित्र हाच शिक्षक, आणि ते चित्रही हाती पडेल तेव्हा.

यावर उपाय अवघड नाहीत. शंभराची अट शाळेला न लावता शाळांच्या केंद्राला लावावी आणि एका निदेशकाने केंद्रातील शाळा आळीपाळीने कराव्यात. शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांना स्थान आहे. चित्रांतून गोष्ट सांगण्यालाही ते मिळावे. वाचनालयांनी चित्रकथांच्या अंकांची जपणूक करावी, त्यांना रद्दीत घालू नये. मूळ रेखाटने ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ती पुण्या-मुंबईबरोबर चंद्रपूरलाही दाखवावीत.

शेकडो पाने चितारणाऱ्या माणसाचे ऋण फेडायचे, तर त्याच्या चित्रांवरून शिकू पाहणाऱ्या मुलाला कागद, रंग आणि चूक दाखवणारा एक जाणता माणूस मिळवून देणे हे पहिले कर्तव्य होय. जिल्हा परिषदेने आणि शिक्षण खात्याने त्याची सुरुवात जिवतीपासून करावी.